असईचे बैल आणि कानामागची गुटिका

असईच्या लढाईविषयीं मराठी वाचकास नवें असें फारसें कांहीं सांगावयाचें उरलेलें नाहीं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यांत दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशीं आर्थर वेल्स्लीची गांठ पडली. शिंद्यांच्या तोफखान्यानें असा मारा केला कीं, इंग्रजांकडील ठार व जखमी झालेल्यांची संख्या दीड हजारांवर गेली. आणि अखेर अठ्ठ्याण्णव तोफा गमावून मराठ्यांस मैदान सोडावें लागलें. वॉटर्लूचा हा विजेता उतारवयांतही आपली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून असईचेंच नांव घेत असे, अशी आख्यायिका आहे. शाळेच्या पुस्तकांत एवढें असतें. परंतु त्या दिवशीं दोन्ही पक्षांच्या तोफा ज्यांच्या मानेवर रणांगणापर्यंत आल्या, त्या बैलांविषयीं तीं पुस्तकें गप्प असतात. आज आम्हांस त्या बैलांविषयींच थोडें लिहावयाचें आहे. विषय क्षुद्र वाटेल. पण त्याचा धागा धरून गेलें असतां आपण दक्षिणेंतील कुरणांवरून थेट ऑस्ट्रेलियाच्या माळांवर जाऊन पोहोंचतों, आणि तेथून परत जालन्याच्या मोंढ्यांत येतों, तेव्हां वाचकांनीं थोडा धीर धरावा.

असईच्या मैदानावर वेल्स्लीच्या पायदळानें नदी ओलांडून रांग धरली, तेव्हां त्याच्या तोफा मागेंच राहिल्या. कारण साधें होतें. मराठ्यांच्या गोळ्यांनीं तोफा ओढणारे बैल व त्यांचे हांकणारे पटापट पडले, आणि बैल पडल्यावर तोफ म्हणजे जाग्यावर खिळलेलें लोखंड. शिपायांना तोफांच्या आधाराशिवाय पुढें जावें लागलें, आणि इंग्रजांची एवढी प्राणहानि होण्याचें तें एक मोठें कारण झालें. त्याच्या आधीं महिनाभर वेल्स्लीचा जीव याच गोष्टीसाठीं टांगणीला लागला होता. ऑगस्टमध्यें त्यानें अहमदनगर घेतलें, सप्टेंबरच्या आरंभीं कर्नल स्टीव्हन्सननें जालना घेतलें, २१ तारखेस दोघे बदनापूरजवळ भेटले. या सर्व हालचालींच्या काळांतील त्याचीं पत्रें पाहिलीं, तर शत्रूच्या खालोखाल कोणाची चिंता त्याला असेल तर ती बैलांची. पावसाळ्याची चिखलवाट, वैरणीची टंचाई आणि उघड्यावरचा मुक्काम यांनीं त्याचीं जनावरें खंगत होतीं. सैन्याची गति शेवटीं सैनिकाच्या पायांवर नव्हे, तर बैलाच्या पोटावर अवलंबून असते, हें त्या चतुर मनुष्यानें श्रीरंगपट्टणच्या मोहिमेंतच ओळखलें होतें.

श्रीरंगपट्टणचें नांव येथें उगीच आलेलें नाहीं. तोफा ओढण्यास लायक अशी जनावरें मुद्दाम वाढविण्याची पद्धति दक्षिणेंत म्हैसूरकरांनीं बसविली होती. चिक्कदेवराज वडियाराच्या काळीं जी संस्था लोण्याचें खातें म्हणून सुरू झाली, तिला हैदरानें लष्करी रूप दिलें आणि टिपूनें ‘अमृत महाल’ हें नांव दिलें. टिपूनें या खात्यासाठीं जे नियम घालून दिले, त्यांतील मुख्य मर्म बैलांत नव्हतें, कुरणांत होतें. राखीव कुरणांना तिकडे ‘कावल’ म्हणतात. पावसाळ्याचे कावल वेगळे, हिंवाळ्याचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. ज्या तळ्याकांठीं किंवा झाडांच्या सावलींत उन्हाळ्यांत हिरवें गवत टिकतें, तीं रानें इतर महिन्यांत गुरांपासून राखून ठेवलेलीं. कळप ऋतूबरोबर एका कावलांतून दुसऱ्यांत जाई आणि मागें राहिलेल्या गवताला पुन्हां उगवावयास अवसर मिळे. आज कृषिविद्यालयांत जें पाळीपाळीनें चारण्याचें शास्त्र शिकवितात, तें हेंच. १७९९ त टिपू पडल्यावर हें खातें हातांतून हातांत गेलें. मध्यंतरीं कळप खालावला, तेव्हां १८१३ च्या सुमारास इंग्रजांनीं तो परत आपल्या ताब्यांत घेऊन सुधारला. पुढें १८६० मध्यें काटकसरीच्या नांवाखालीं तो विकून टाकण्यांत आला, आणि कांहीं वर्षांतच पस्तावून पुन्हां उभारावा लागला. जें उभें करावयास दीडशें वर्षें लागलीं, तें मोडावयास एक हुकूम पुरला.

आमच्या गोदावरीकांठीं मात्र असें खातें कोणीं काढलें नाहीं. मराठी फौजांचा भर घोड्यावर. बैलांची गरज भागवीत ते लमाण. त्यांचे तांडे हजारों बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांमागून हिंडत, आणि वेल्स्लीचें सैन्यही याच लमाणांच्या धान्यावर जगलें. जालना जिल्ह्यांत आजही तांड्यांचीं वस्त्यांचीं नांवें त्या फिरत्या व्यापाराची आठवण देतात. लमाणांचा बैल बाजारांतल्या वैरणीवर वाढत नसे; तो वाटेवरच्या माळरानावर वाढे. म्हणजे फौजेची शक्ति शेवटीं गांवोगांवच्या गवतांतूनच येई. १८०३–०४ मध्यें दख्खनेंत पाऊस चुकला, आधींच्या वर्षीं होळकरांच्या स्वाऱ्यांनीं मुलूख उजाड केलेलाच होता; तेव्हां माणसांबरोबर गुरेंही पडलीं. आमच्या इतिहासकारांनीं या दुष्काळाची नोंद तहांच्या कलमांइतक्या काळजीनें केलेली नाहीं.

हें गवत होतें तरी कसें? मराठवाड्याच्या माळावर पवन्या, मारवेल, शेडा, डोंगरी आणि कुसळी हीं गवतें पिढ्यान्‌पिढ्या उगवत आलीं आहेत. पाऊस सुमारें सातशें मिलिमीटर, तोही चार महिन्यांत येऊन जाणारा. श्रावण-भाद्रपदांत माळ हिरवा होतो, गुरांच्या अंगावर तकाकी येते, गोऱ्हे उड्या मारूं लागतात. मार्गशीर्ष उजाडतां उजाडतां तेंच गवत पिवळें पडतें, आणि चैत्रांत त्याच माळावर तींच गुरें बरगड्या दाखवीत उभीं असतात. कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांस असईचें मैदान दाखवावयास आम्ही गेलों होतों, तेव्हां भोकरदनकडील एका वृद्ध शेतकऱ्याशीं आमचें बोलणें झालें. समोरचा माळ गुडघाभर वाळक्या गवतानें भरलेला, आणि त्याचे बैल मात्र हडकलेले. आम्ही म्हटलें, “बाबा, एवढें गवत उभें असतांना बैल असे कां?” तो हसून म्हणाला, “सर, दिवाळीपर्यंत गवतात राम असतो. पुढं नुसतं पोट भरतं, अंग भरत नाही.”

एवढ्या थोडक्या शब्दांत त्यानें उष्ण कटिबंधांतील पशुपालनाचें सबंध शास्त्र सांगितलें. गाईबैलांच्या पोटांतील पहिल्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जीव असतात. गवत पचवितात ते हेच. या जीवांस जगण्यासाठीं चाऱ्यांत शेंकडा सहा-सात भाग तरी प्रथिन लागतें. पावसाळ्यांतील कोंवळ्या गवतांत तें त्याहून जास्त असतें. पण गवत पिकून वाळलें कीं तें तीन-चार टक्क्यांवर उतरतें. मग पोटांतील कारखाना मंद होतो, खाल्लेलें गवत लवकर पुढें सरकत नाहीं, आणि गवताच्या राशींत उभें असलेलें जनावरही अर्धपोटीं राहतें. आमच्या घरोघरच्या म्हाताऱ्यांना प्रथिन हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु उन्हाळ्यांत कडब्याबरोबर ओंजळभर सरकी किंवा सरकीची पेंड, तुरीचें भूस आणि हरभऱ्याचा भुसा बैलापुढें टाकावा, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणीला बैलाच्या खांद्यावर तूप-हळद चोळणारी आमची संस्कृति नुसती भाविक नव्हती. ती हिशेबीही होती.

आतां आपण समुद्र ओलांडूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सांगली, मिरज, जमखंडी या बाजूच्या पटवर्धन संस्थानिकांनीं कृष्णेच्या काळ्या जमिनीला साजेसा थोराड बैल तयार करण्याचा खटाटोप केला, आणि त्यांतून ‘कृष्णाखोरी’ जात आकारास आली. काठेवाडची गीर, गुजराथची कांक्रेज, आंध्रांतील ओंगोल यांच्याबरोबर हिचेंही रक्त अमेरिकेंतील ‘ब्राह्मण’ नांवाच्या जातींत गेलें. अमेरिकेच्या दक्षिणेंतील उष्ण व गोचिडांनीं भरलेल्या प्रदेशांत युरोपची गुरें टिकेनात, तेव्हां आमचीं वशिंडाचीं गुरें तेथें कामास आलीं. १९३३ मध्यें तीं अमेरिकेंतून ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतीं गेलीं. ब्राझील देशांत तर ओंगोलच्या वंशाची ‘नेलोर’ जात कोट्यवधींनीं चरते आहे. आश्चर्य येथेंच संपत नाहीं. क्वीन्सलंडच्या ज्या विस्तीर्ण माळांवर हीं गुरें चरतात, तेथील मुख्य गवतांपैकीं एक म्हणजे आपली कुसळीच होय. पुढें तेथें मुद्दाम पेरलेलें दुसरें एक गवत म्हणजे आपलें अंजन. जात आपली, गवत आपलें, ऋतुमानही जवळजवळ आपलेंच. फरक एवढाच कीं, तेथें हें जनावर औतासाठीं नव्हे, मांसासाठीं वाढवितात, आणि त्याचा हिशेब वजनाच्या कांट्यावर होतो.

या हिशेबांतून ती कानामागची गुटिका निघाली. तिचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. बैल खच्ची करण्याची चाल सर्व जगांत आहे. त्यानें जनावर सौम्य होतें, पण त्याच्या वृषणांतून निघणारें आणि स्नायु वाढविणारें द्रव्यही बंद होतें. अशा द्रव्यांस आतां आपण संप्रेरकें म्हणतों. विसाव्या शतकांत शास्त्रज्ञांच्या मनांत असें आलें कीं, जें आपण काढून घेतलें, तें किंवा तत्सदृश दुसरें कांहीं थोड्या मात्रेंत बाहेरून परत दिलें तर? १९५४ मध्यें अमेरिकेंतील आयोवा येथील वाइझ बरोज यांच्या प्रयोगांनंतर डाय-एथिल-स्टिल्बेस्ट्रॉल हें कृत्रिम स्त्री-संप्रेरक गुरांच्या चाऱ्यांत घालण्यास परवानगी मिळाली. खाल्लेल्या चाऱ्याचें मांस अधिक होऊं लागलें आणि हें द्रव्य झपाट्यानें पसरलें. पुढें स्त्रियांना औषध म्हणून दिलेल्या याच द्रव्याचा संबंध त्यांच्या मुलींतील एका दुर्मिळ कर्करोगाशीं असल्याचें १९७१ त उघडकीस आलें, आणि १९७९ त गुरांसाठीं त्याचा वापर अमेरिकेंत बंद झाला. त्याची जागा इस्ट्रॅडिओल, ट्रेनबोलोन, झेरॅनॉल यांसारख्या दुसऱ्या द्रव्यांनीं घेतली. यांची बारीक गुटिका जनावराच्या कानाच्या मागील बाजूस कातडीखालीं सुईनें सारतात. कांहींचा परिणाम शंभर दिवस राहतो, कांहींचा चारशें दिवस. कान निवडण्याचें कारण असें कीं, तो कत्तलीच्या वेळीं फेंकून दिला जातो, त्यामुळें उरलेली गुटिका माणसाच्या पोटांत जात नाहीं.

या गुटिकेविषयीं जगांत एकमत नाहीं. अमेरिका व ऑस्ट्रेलिया तिला अनुकूल आहेत; ब्राझीलनें ती वर्ज्य केली; आणि युरोपीय राष्ट्रसंघानें आपल्याकडे तिच्यावर बंदी घालून १९८९ पासून तसें मांस आयात करणेंही बंद केलें. त्यावरून अमेरिकेशीं जो व्यापारी कलह झाला, तो अनेक वर्षें चालला. नियमानुसार वापरल्यास मांसांत राहणारा अंश अपाय करीत नाहीं, असें आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीचें मत. जोखीम पत्करण्याचें आम्हांस कारण नाहीं, असें युरोपाचें मत. आम्ही वैद्य नव्हे, तेव्हां निवाडा देत नाहीं. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढें म्हणूं कीं, गुरांस दिलेलें औषध गुरांपाशींच थांबेल, हें गृहीत धरणें आजवर अनेकदां महाग पडलें आहे. आपल्याकडे डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक गुरांस सर्रास देत. तशा मेलेल्या जनावरांचें मांस खाऊन गिधाडें लक्षावधींनीं मेलीं, तेव्हां २००६ त तें गुरांसाठीं बंद करावें लागलें. जनावरें लवकर वाढावींत म्हणून प्रतिजैविकें चारण्याची रीत १९५० च्या सुमारास अमेरिकेंत निघाली. तिच्यामुळें रोगजंतु निगरगट्ट होतात असें दिसल्यावर भारत सरकारनें २०१९ त कोलिस्टिन हें शेवटच्या उपायाचें औषध अन्नोत्पादक प्राण्यांस देण्यास मनाई केली.

बरें, अपायाचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी फायद्याचा प्रश्न उरतोच. आणि आमच्या मतें खरें मर्म येथें आहे. गुटिका कांहीं निर्माण करीत नाहीं. जनावराच्या पोटांत गेलेल्या अन्नाचा ओघ ती चरबीकडून स्नायूंकडे वळविते, इतकेंच. उत्तर ऑस्ट्रेलियांतील नुसत्या माळावर चरणारें जनावर सबंध वर्षांत सुमारें शंभर किलो वाढतें, आणि ही वाढ बहुतेक सर्व पावसाळ्यांतली. अशा चढत्या वजनाच्या दिवसांत गुटिकेनें दहा टक्क्यांच्या आसपास भर पडूं शकते. परंतु गवत वाळून जनावर वजन गमावूं लागलें, कीं गुटिका जवळजवळ निरुपयोगी होते. वळवावयास ओघच नसतो. म्हणून तेथील शहाणे पशुपालक आधीं उन्हाळ्याची तजवीज करतात: युरिया व मळी यांचे चाटण, सरकीची पेंड, शेंगावर्गीय वेलींची कुरणांत पेरणी, आणि कळपाची संख्या गवताच्या मानानें राखणें. अद्ययावत शास्त्र फिरूनफिरून त्या भोकरदनच्या म्हाताऱ्याच्या अंगणांत येऊन उभें राहतें.

आतां परत जालन्यास येऊं. १ मे १९८१ रोजीं औरंगाबादेपासून वेगळा झालेला हा जिल्हा बियाण्यांची पेठ म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ मध्यें येथें बियाण्यांची कंपनी स्थापिली. त्यांच्या कार्याचा गौरव १९९८ च्या जागतिक अन्न पारितोषिकानें झाला. त्याच १९६४ सालीं देशांत पहिली संकरित ज्वारी प्रसृत झाली. त्या बियाण्यानें दाणा वाढविला, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर भुकेल्या महाराष्ट्राला त्याचें मोल फार होतें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. पण ठेंगण्या ज्वारीचा कडबाही ठेंगणा. २००२ नंतर नवीन कपाशी आली, सोयाबीन पसरलें, आणि ज्वारीचें रान आणखी आकसलें. पऱ्हाटी चुलींत जाते, बैलाच्या तोंडांत नाहीं. माणसाच्या पिकाचा निर्णय करतांना जनावराच्या ताटाचा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं. तो कोणाचा अपराध नव्हे, पण परिणाम मात्र सर्वांच्या गोठ्यांत दिसतो.

दुसरीकडे गायरानें गेलीं. इंग्रजी मुलखांत जंगलखात्यानें गुरांचीं रानें बंद केलीं, म्हणून महात्मा फुले यांनीं १८८३ मध्येंच ‘शेतकऱ्याचा असूड’ ओढला होता. मराठवाडा निजामाच्या अमलांत होता, तेव्हां येथील कथा थोडी निराळी. येथें गायरान आकसलें तें हळूहळू, गांवाच्या हाताखालूनच. त्यांतील एक भाग भूमिहीनांनीं कसावयास घेतला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं १९५९ व १९६४ मध्यें जे सत्याग्रह झाले, त्यांमागची मागणी न्याय्य होती. ज्यांच्या पिढ्यांना गांवानें तसूभर जमीन दिली नाहीं, त्यांनीं माळाचा तुकडा नांगरला, तर त्यांस बोल लावण्याचा अधिकार आपल्यासारख्या पांढरपेशांस नाहीं. परंतु त्याच गायरानावर धनदांडग्यांचीं कुंपणेंही चढलीं, आणि त्यांविषयीं मात्र गांव मुकें राहिलें. परिणाम असा कीं, २०१२–१३ सारखा दुष्काळ आला कीं जनावरें छावणीच्या खुंट्याला जातात, आणि सरकारी वैरणीच्या गाडीची वाट पाहतात.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९७६ च्या राज्य कायद्यानें गोवधास बंदी होती. २०१५ पासून बैल व वळूही तींत आले. ज्यांच्या मनांत गाईबैलाविषयीं पूज्यभाव आहे, त्यांना हा कायदा समाधान देतो; ज्याच्या दारांत थकलेला बैल उभा आहे, त्याला वैरणीचा प्रश्न तसाच राहतो. दोन्ही गोष्टी एकाच घरांत, एकाच माणसाच्या मनांतही असूं शकतात. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रांतील गाईबैलांची संख्या सुमारें दहा टक्क्यांनीं उतरली. ट्रॅक्टर, चाराटंचाई आणि बाजार या तिहींचा त्यांत वाटा आहे. आमच्या जिल्ह्यांत मांसासाठीं बैल वाढविण्याचा प्रश्नच उरलेला नाहीं, तेव्हां ती गुटिका येथें येणार नाहीं, असें कोणी म्हणेल. गुटिका न येवो. पण तिच्यामागची वृत्ति आलेली आहे. दूध वाढविण्याची सुई, कोंबडी फुगविण्याची भुकटी, पिकाला जोर आणण्याची बाटली, हीं सर्व तिचींच भावंडें. गवताचा, मातीचा आणि वैरणीचा कष्टाचा हिशेब टाळून फळ आधीं हातीं यावें, हीच त्यांमागची इच्छा.

१९२६ मध्यें नेमलेल्या शेतकी कमिशननें हिंदुस्थानच्या गुरांचें एक दुष्टचक्र दाखवून दिलें होतें: चारा कमी म्हणून जनावर दुबळें, जनावर दुबळें म्हणून काम उरकावयास अधिक जनावरें, आणि अधिक जनावरांमुळें चारा आणखी कमी. हें चक्र कोणत्याही गुटिकेनें तुटण्यासारखें नाहीं. तें तोडण्याचे उपाय जुने आहेत. जें गायरान अजून उरलें आहे, त्याचे तीन भाग करून पाळीपाळीनें राखावे. बांधावर मारवेल व पवन्या लावावे. ज्वारीची निवड करतांना कणसाबरोबर ताटाकडेही पाहावें. तुरीचें भूस जाळूं नये. बदनापूरचें संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठीं नांवाजलेलें आहे. तेथून निघणाऱ्या वाणाची चर्चा दाण्याबरोबर भुसाचीही होऊं लागली, तर आम्हांस आनंद होईल. आणि गायरानाचा वांटा ठरवितांना भूमिहीनाची भाकर व गांवाचें गवत हीं दोन्ही एकाच ग्रामसभेंत, एकाच दिवशीं विचारांत घ्यावींत. धनदांडग्यांचें कुंपण त्या दिवशीं सर्वांत आधीं निघावें.

असईच्या मैदानावरून आम्ही परतलों, तेव्हां संध्याकाळ झाली होती. तो वृद्ध शेतकरी बैलांपुढें कडब्याच्या पेंढ्या सोडीत होता. एका विद्यार्थ्यानें त्यास विचारलें, “काका, येथें मोठी लढाई झाली, तुम्हांला ठाऊक आहे का?” “आहे की,” तो म्हणाला, “पण तेव्हा गवत लई होतं म्हणतात.” आम्हीं आमच्या टिपणवहींत लढाईच्या तारखेखालीं तें वाक्यही लिहून घेतलें.